कासुगाईविरुद्ध सतरा मुद्दे

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

डॉक्टर म्हणाले, तुमचं ब्लडप्रेशर मिठामुळे वाढत नाही, तोंडामुळे वाढतं. राग आला की बोलू नका, लिहून काढा. म्हणून ही वही. बायकोने, राधिकाने ड्रॉवरमधून काढून दिली, आमच्या रुहीच्या पाचवीच्या गणिताची उरलेली. पहिल्या चार पानांवर अपूर्णांक आहेत.

विषय मिळायला वेळ लागला नाही. आज आमचे जपानी मॅनेजर तानाबे-सान माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, कासुगाई शहराची माहितीपुस्तिका लिहून द्या. बारा पानं, इंग्रजीत, दहा डिसेंबरच्या मीटिंगआधी. तिथे जाणाऱ्या कुटुंबांसाठी.

आमची कंपनी मोटारींच्या दारांची कुलपं बनवते. मालक जपानी, आम्ही इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला. कासुगाईत कंपनीची मोठी टेस्ट लॅब आहे. आमच्या ऑफिसमागच्या लॅबचा अर्धा भाग वसंतात तिकडे हलणार, त्याबरोबर दोन माणसं तीन वर्षांसाठी जाणार, असं महिनाभर कानावर आहे. आणि अख्ख्या ऑफिसात कासुगाईत राहून आलेला माणूस एकच, मी. दोन हजार आठमध्ये सात महिने. त्या सात महिन्यांचं मी आजवर कुणाशीही चांगलं बोललेलो नाही.

मी काही दुधखुळा नाही. ज्याला पाठवायचं त्याच्याकडूनच गावाची माहिती लिहून घेतात. बळीच्या बकऱ्यानेच हार गुंफायचा.

जेवताना राधिकाने विचारलं, "तिथल्या शाळा कशा असतात रे?" म्हटलं, मी तिथे शाळेत जात नव्हतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. आपट्याच्या जागी इथे आम्ही रेडबडची पानं देतो. दिसायला तशीच असतात, फक्त लवकर सुकतात. सुशांत सोनं द्यायला आला. नागपूरचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, त्याच कंपनीत, दोन टेबलं सोडून. मी गेलो तर माझा प्रोजेक्ट कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको.

"काय यार मोरेश्वर, पुस्तिका कुठवर?" हे मला. मग राधिकाकडे वळून, "आणि वहिनी, तुमची तयारी?"

"चाललीय हळूहळू," ती म्हणाली.

दिवाळीच्या फराळाची विचारत असेल. दरवर्षी चकल्या त्यालाच जास्त लागतात.

दुपारी अंगणातली पानं काढत होतो. राधिका बाहेर आली, रुमालाला हात पुसत काहीतरी बोलली. लीफ ब्लोअरच्या आवाजात काय ऐकू येणार. हाताने म्हटलं, नंतर. मशीन बंद केलं तेव्हा ती आत गेली होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तानाबे-सानची एक खोड आहे. मीटिंगमध्ये हा माणूस मिटल्या तोंडाने बसतो आणि एरवी चाकांची खुर्ची ढकलत टेबलाटेबलाशी हिंडतो. वही नाही, पेन नाही. खुर्ची शेजारी लावायची, एक बारीकसा प्रश्न विचारायचा, मान हलवायची, पुढच्या टेबलाशी. लग्नघरातल्या आत्याबाईंसारखं. मी एकवीस वर्षं इंजिनियर आहे, मला वाटतं मुद्दा असेल तर मीटिंगमध्ये मांडा, सगळ्यांसमोर. ह्या पायरीपायरीच्या कुजबुजीला काय अर्थ आहे.

आजचा प्रश्न: "मोरेश्वर-सान, तुमच्या मुलीला ट्रेन आवडतात का?"

मी म्हटलं, कल्पना नाही, एक डेडलाइन आहे. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची घेऊन लॅबकडे गेले. राधिका तिथे असते. ती क्वालिटीमध्ये आहे. एक यंत्र दार उघडतं आणि आपटतं, एक लाख वेळा, आणि कुलूप कितव्या वेळेला दगा देतं ते ती लिहिते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तिका सुरू केली. खोटं एक अक्षर लिहिणार नाही. जे आहे तेच लिहायचं, पण असं की वाचणाऱ्याने बॅग परत माळ्यावर टाकली पाहिजे. कुणी तयारच झालं नाही तर कुणीच जाणार नाही, मीही नाही. आजचा मजकूर इथे मराठीत उतरवून ठेवतो:

"कासुगाई हे नागोयाच्या ईशान्येला सुमारे तीन लाख वस्तीचं शहर आहे. सकाळी निम्मं गाव चुओ लाइनने नागोयाला कामाला जातं. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कागदाच्या कारखान्याची धुराडी. ट्रेन ठरल्या मिनिटाला सुटते. तुम्ही धावत येताय हे पाहूनही सुटते.

"कंपनीची घरं कोझोजी न्यू टाउनमध्ये आहेत. साठच्या दशकात टेकड्या कापून वसवलेली ही वसाहत आता वसवणाऱ्यांबरोबर म्हातारी झाली आहे. एकसारख्या पाच मजली इमारती, भिंतीवर मोठा आकडा, लिफ्ट नाही. शेजारी तुमची चौकशी करत नाहीत. बेल वाजवून कुणी येत नाही. कचरा तुमचा तुम्ही वेगळा करायचा, दिवस चुकला तर तो तुमच्याच दाराशी परत येतो. सत्तरीच्या बायका सायकलवर भाजी घेऊन चढ चढतात आणि तुम्हाला मागे टाकतात.

"इथे निवडुंग पिकवतात. आणि खातात."

वाचून मलाच समाधान वाटलं. राधिकाला वाचायला दिलं. म्हटलं, इंग्रजी तपास, आणि मी कुठल्या नरकात सात महिने काढले तेही बघ. तिने खिचडी गार होईपर्यंत वाचलं.

"पाचव्या मजल्यावरून काय दिसायचं?"

"विजेच्या तारा."

"आणि तारांच्या पलीकडे?"

म्हटलं, स्पेलिंग बघ, देखावे नकोत. ती पेन्सिल घेऊन आत गेली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन काल इथल्या सोयीने उरकलं. हॅलोविनही कालच. एका हाताने आरती, दुसऱ्या हाताने दारात आलेल्या पोरांना चॉकलेटं. रुही बेडूक झाली होती. बारा वर्षांची घोडी आणि बेडूक. विचारलं हे काय, तर म्हणाली, "फ्रॉम युअर बुकलेट, बाबा."

पुस्तिकेत कासुगाईच्या थोर पुरुषाबद्दल अर्धं पान आहे. हजारेक वर्षांपूर्वीचा एक सुलेखनकार, तिथला म्हणून सांगतात. एक बेडूक वेलासारख्या लोंबत्या फांदीवर उडी मारत होता, पडत होता, परत मारत होता. ते बघून म्हणे ह्याने नेटाने अक्षर गिरवलं आणि थोर झाला. मी लिहिलंय की एका बेडकाच्या जिवावर अख्खं शहर अजून पोरांना अक्षरं गिरवायला लावतं.

"सो डिड ही मेक इट? द फ्रॉग?"

म्हटलं, मला काय माहीत, मी होतो का तिथे.

फराळ झाल्यावर राधिका म्हणाली, "घर भाड्याने दिलं तर बर्फ काढायची जबाबदारी भाडेकरूची असते का रे?"

"कुणाचं घर?"

"कुणाचंही. विचारते आपलं."

मी टीव्ही लावला. लायन्सची मागच्या रविवारची मॅच राहिली होती.

३ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे केली. तेवढा तास जास्त मिळाला आणि त्यात भांडण झालं. भांडणही नाही. राधिका चहा घेऊन आली, समोर बसली आणि म्हणाली, "मला एक बोलायचंय. कासुगाईबद्दल."

मी म्हटलं, त्या गावाचं नाव ऑफिसात दिवसभर ऐकतो, घरात नको. दुसरं काहीही बोल.

तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाली, "बरं. डिशवॉशरचं फिल्टर साफ करायचंय."

केलं. पाच मिनिटांचं काम.

दोन हजार आठचं आज उगाच आठवलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, नुकतीच ती इथे आली होती. मी निघताना म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, तिथे तू काय करणार, कंटाळशील. सात महिने एकटी राहिली, ह्याच थंडीत, गाडी चालवायला शिकली, नोकरी शोधली. कधी तक्रार केली नाही. ह्या बाबतीत मी भाग्यवान आहे, हे कबूल केलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तानाबे-सान, पुन्हा खुर्चीसकट. "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

आता हे अति झालं. मी म्हटलं, हा प्रश्न ऑफिसचा आहे का? ते म्हणाले, नाही, नाही, आणि हसून मान हलवली. मग: "भारतीय कुटुंबात पती-पत्नी काही काळ लांब राहिले, तर फार कठीण जातं का?"

आता पत्ते उघडे पडले. मला एकट्याला पाठवायचा बेत आहे. फ्लॅटचा एक बेड वाचेल. माझं डोकं सणकलं, पण डॉक्टर आठवले. ब्याद टाळायला म्हटलं, "माझ्या बायकोला एकटीने सगळं निभवायची सवय आहे. आमचं कधी काही अडलेलं नाही." आणि हेडफोन लावले.

त्यांनी ह्या वेळी जरा जास्त वेळ मान हलवली.

मी मीटिंगसाठी मुद्दे काढायला घेतलेत. नऊ झाले. तिथे दाखवतो, सगळ्यांसमोर, मोठ्या साहेबांसमोर. कुजबुजणाऱ्यांना मीटिंगमध्येच गाठावं लागतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

राधिका हल्ली सिंकपाशी कानात इअरफोन घालून काहीतरी पुटपुटत असते. एकच वाक्य पुन्हापुन्हा. ध्यानाचं अ‍ॅप असेल. चाळिशी ओलांडली की बायका ह्याकडे वळतात. निदान घर शांत आहे.

मुद्दे तेरा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. सुशांतकडे जेवण. बाहेर चार इंच बर्फ. सुशांतची बायको निधी टर्कीऐवजी भरली वांगी करते, त्यामुळे जातो.

मी जेवताना कासुगाईच्या गोष्टी सांगितल्या. आंघोळीच्या टबात एकाच पाण्यात सगळं घर कसं आळीपाळीने बसतं, हिवाळ्यात घरातसुद्धा तोंडातून वाफ कशी येते, एकदा मी रस्ता चुकलो तर एक म्हातारी मला हात धरून पोलीस चौकीपर्यंत कशी घेऊन गेली आणि वर दोन संत्री दिली, एक शब्द न बोलता. सगळे हसले. राधिका हसली नाही. तिने विचारलं, "हे तू कधी सांगितलं नाहीस. संत्र्यांचं."

"सांगण्यासारखं काय त्यात?"

सुशांत माझ्या ताटात वांगं वाढत हळू आवाजात म्हणाला, "मोरेश्वर, तू घरी बोल ना एकदा नीट. वहिनींशी."

बघा, कोण सल्ला देतंय. माझी खुर्ची गरम करून ठेवलीय स्वतःसाठी आणि वर माझ्या संसाराची काळजी. म्हटलं, माझ्या घरी सगळं नीट आहे. त्याने निधीकडे पाहिलं, निधीने वांग्यांकडे.

रुही त्यांच्या टेबलावर जुन्या पेपरवर ब्रशने काहीतरी रंगवत होती. शाळेचा आर्ट प्रोजेक्ट म्हणे. तीन पानं एकच आकार. अक्षरासारखं काहीतरी.

मुद्दे सोळा.

८ डिसेंबर, रविवार

परवा शुक्रवारी पुस्तिका दिली. तानाबे-सान म्हणाले, फार प्रामाणिक लिहिलंय. बारीक टोमणा असावा.

मुद्दे सतरा. सतरावा सगळ्यात जोरदार आहे: त्या शहरात बाहेरून आलेला माणूस तीन वर्षं राहिला तरी पाहुणाच राहतो. बेसमेंटमध्ये आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणत होतो तेव्हा राधिका जिन्यावर येऊन उभी होती.

"मोरेश्वर, पाच मिनिटं आहेत?"

ती मला मोरू म्हणते, मोरेश्वर नाही. म्हटलं, मंगळवारनंतर पाच तास देतो, आता लय जाईल.

"मंगळवारनंतर," ती म्हणाली, आणि वर गेली.

१० डिसेंबर, मंगळवार

आधी जे झालं ते सरळ क्रमाने लिहितो.

कॉन्फरन्स रूममध्ये चौदा माणसं. मोठे साहेब, तानाबे-सान, एचआर, डिझाइन, क्वालिटी. राधिका समोरच्या बाजूला. त्यात नवल नाही, क्वालिटी नेहमीच असते. मी हात वर केला आणि उभा राहिलो. सतराच्या सतरा मुद्दे मांडले. जिने, थंडी, निवडुंग, ट्रेन, म्हातारी वस्ती, पाहुणेपण. कुणीही मधे बोललं नाही. मला वाटलं जिंकलो.

मोठे साहेब म्हणाले, "धन्यवाद. जाणाऱ्यांना ह्याचा फार उपयोग होईल." आणि तानाबे-सानने एक कागद पडद्यावर लावला. कागदाच्या वरच्या बाजूला मंजुरीचे आठ लाल शिक्के आधीच उठलेले होते. सगळ्यात जुना नोव्हेंबरच्या चौदा तारखेचा. ह्या लोकांकडे निर्णय मीटिंगमध्ये होतच नाही, मीटिंगमध्ये तो फक्त वाचून दाखवतात. सात महिने तिथे राहून आणि एकवीस वर्षं इथे काढून मला हे कळलं नव्हतं.

कागदावर दोन नावं. दुसरं लॅबमधल्या ग्रेगचं. पहिलं राधिकाचं.

माझं नाव यादीत नव्हतं. कधीच नव्हतं, हे नंतर सुशांतने पार्किंगमध्ये सांगितलं. राधिकाने सप्टेंबरातच अर्ज केला होता. तानाबे-सान तेव्हापासून हिंडून ज्याला-त्याला विचारत होते, कुणाची अडचण आहे का. क्वालिटीला, डिझाइनला, एचआरला. आणि नवऱ्याला.

मी उभाच होतो. सतरा मुद्द्यांचा कागद हातात. राधिकाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लॅबमध्ये यंत्राकडे बघते तसं, कुलूप तुटल्यावर.

११ डिसेंबर, बुधवार

काल घरी जे झालं ते लिहवलं नाही. आज लिहितो.

ती माझ्याआधी पोचली होती. बूट काढायच्या आत मी सुरू केलं. चौदा लोकांसमोर माझी शोभा केलीस. तीन वर्षांचा निर्णय, पोरीसकट, आणि मला कुणी विचारलं?

"विचारलं."

"कधी?"

तिने गॅस बारीक केला. "तू रोज लिहितोस ना त्या वहीत? त्यात असेल. बघ."

"तुला माझी वही—"

"मी हात लावलेला नाही. पण तू सगळं लिहितोस, मला माहितेय. मी काय बोलले तेही लिहिलं असशील. चिडून का होईना." मग म्हणाली, "मी तीन महिने प्रयत्न केला, मोरेश्वर. तानाबेंनीसुद्धा केला. ते म्हणाले, तुमच्या पतींनी सांगितलं, तुम्हाला एकटीने निभवायची सवय आहे. मी म्हटलं, हो, आहे."

मग तिने पुस्तिका आणली. मी ऑक्टोबरात वाचायला दिलेली प्रत. स्पेलिंगच्या दोन चुका सुधारल्या होत्या. बाकी पेन्सिलच्या बरोबरच्या खुणा. बेल वाजवून कुणी येत नाही: बरोबर. ट्रेन ठरल्या मिनिटाला सुटते: बरोबर. सत्तरीच्या बायका सायकलवर चढ चढतात, ह्याला दोनदा बरोबर. निवडुंगाशेजारी एक छोटं हसरं तोंड, ते रुहीचं असावं.

"अर्ज मी आधी केला होता," राधिका म्हणाली, "पण जायचं हे वाचून ठरवलं. तू लिहिलंस म्हणून विश्वास बसला. चांगलं म्हणून तू काही लिहिणार नाहीस, म्हणजे हे सगळं खरंच असणार."

"आणि रुही?"

"विचार तिला."

रुही जिन्यात बसली होती. "आय सेड येस इन ऑक्टोबर, बाबा. मॉमने विचारलं होतं."

मी वही घेऊन बेसमेंटमध्ये आलो आणि पहिल्या पानापासून वाचली. सात तारीख, शाळा. बारा तारीख, ब्लोअर. चोवीस, तारांच्या पलीकडे काय. एक नोव्हेंबर, घर भाड्याने. तीन नोव्हेंबर तर तिने सरळ म्हटलंय, एक बोलायचंय. आठ डिसेंबर, पाच मिनिटं. सगळं माझ्याच अक्षरात. एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. शोधून एक सापडलं, विजेच्या तारा, पण ते उत्तर म्हणायला माझीच जीभ रेटत नाही. तानाबे-सानचे तीन वेगळे. रुहीचा बेडूक वेगळा.

मला अजून राग येतोय. पण आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही, आणि वहीत लिहून तो कमी होत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

बोललो नाही दोन दिवस. ती नेहमीसारखीच. डबा भरते, रुहीला बसला सोडते. सिंकपाशी पुटपुटते, आता इअरफोन न घालता. जपानी आहे. 'हे स्टेशन कुठलं', असं काहीतरी. उच्चार माझ्याहून चांगला.

खरं लिहायचं तर, त्या शहराचा मला कधीच इतका तिटकारा नव्हता. मी तिथे एकटा होतो आणि दर रविवारी फोनवर तिला सांगायचो की इथे काही नाही, तू आली नाहीस ते बरं. सोळा वर्षं तेच म्हणत राहिलो. तिला न नेल्याचं कारण खरं ठरवायला ते गाव वाईट असणं भाग होतं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी माझी खुर्ची ढकलत तानाबे-सानच्या टेबलाशी नेली. चाकांचा आवाज फार होतो हे मला ठाऊक नव्हतं. सुशांतने मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली घातली. त्याच्याबद्दल मी जे जे लिहिलंय ते खोडणार नाही, पण ते चूक होतं.

मी विचारलं, "कोझोजीचा फ्लॅट किती खोल्यांचा आहे?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. "दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोन व्यक्तींसाठी. आई आणि मुलगी."

"तिसरी व्यक्ती आली तर? मी बिनपगारी रजा घेईन, किंवा तिथून काम करीन. काहीही."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. मला ती मान आता वाचता येते असं मी म्हणणार नाही. शेवटी म्हणाले, "कंपनीची अडचण नाही. पण मला राधिका-सानना विचारावं लागेल."

"मी तिचा नवरा आहे."

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच आधी त्यांना विचारावं लागेल. हळूहळू. मीटिंगमध्ये नाही."

दुपारी लॅबच्या काचेतून दिसलं. त्यांची खुर्ची तिच्या टेबलाशेजारी. यंत्र दार आपटत होतं, त्यामुळे ऐकू काही आलं नाही. ते काहीतरी बोलले. तिने मान वर केली नाही, आकडे लिहीत होती. मग तिने एवढंसं काहीतरी म्हटलं, आणि त्यांनी मान हलवली आणि खुर्ची घेऊन उठले.

१७ डिसेंबर, मंगळवार

जेवताना मी रुहीला सांगितलं की बेडूक शेवटी फांदीवर पोचला. "यू सेड यू डिडन्ट नो," ती म्हणाली. म्हटलं, माहीत होतं. सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "ओके," आणि वरण मागितलं.

राधिकाने वरण दिलं. मला वाटलं आता ती काही विचारेल.

१८ डिसेंबर, बुधवार

आज तिने काही विचारलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

आजही नाही. डिशवॉशरचं फिल्टर तिने स्वतःच साफ केलं.

मी एकदा तोंड उघडलं. म्हटलं, पाचव्या मजल्यावरून तारांच्या पलीकडे डोंगर दिसायचे. हिवाळ्यात सकाळी अगदी जवळ आल्यासारखे. ती म्हणाली, "हो, मी नकाशात पाहिलंय," आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला वळली.

तानाबे-सान तीन दिवसांत माझ्या टेबलाशी आलेले नाहीत. कासुगाईबद्दल माझं मत, नोंदीसाठी लिहितो, बदललेलं नाही. जिने उंच आहेत, घरं गार आहेत आणि माणसं बोलत नाहीत. मला तिथे जायचं आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

पहाटेपर्यंत सात इंच बर्फ पडला होता. सकाळी स्नो ब्लोअर काढला. निम्मा ड्राइव्हवे झाला असेल, तेवढ्यात गॅरेजचं आतलं दार उघडलं आणि राधिका दारात आली. शाल अंगावर, हात रुमालाला पुसत. काहीतरी म्हणाली.

मी तत्क्षणी मशीन बंद केलं. टोपी वर केली, कान उघडे केले.

"काय? काय म्हणालीस?"

"तुला नाही," ती म्हणाली. "रुहीला हाक मारत होते. नाश्ता झालाय."

रुही माझ्या मागे होती, बर्फात काठीने अक्षर काढत. ती धावत आत गेली आणि दार लागलं.

मग मशीन परत चालू केलं नाही. ढकलत गॅरेजमध्ये ठेवलं, भिंतीवरचं फावडं काढलं आणि उरलेला ड्राइव्हवे हाताने साफ केला. दीड तास लागला. पण फावड्याचा आवाज होत नाही, कुणी बोललं तर ऐकू येतं.